उशिरा येणारी ताकद
(मेळाव्यातील ‘नोकरीपलीकडे’ या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्याच्या समितीने मला फोनवर बजावलं होतं, “आयटीबद्दल बोलू नकोस, आपल्या वर्गात आयटीवाले ढिगाने आहेत. तुझ्या त्या गाडीबद्दल बोल.” तेव्हा आज सॉफ्टवेअर थोडं आणि गाडी जास्त. ज्यांना गाड्यांचं काही वाटत नाही, त्यांनी बिनधास्त बटाटेवड्यांकडे जावं. मी वाईट वाटून घेणार नाही.

माझा आणि माझ्या धाकट्या भावाचा हा जोडछंद आहे. सहा वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी, 1.4 लिटरची, टर्बो पेट्रोल सेडान घेतली. ती आम्ही फक्त रेसट्रॅकवर चालवतो. आम्ही व्यावसायिक शर्यतवाले नाही. ट्रॅक हौशी लोकांसाठी खुला असतो त्या दिवशी पैसे भरायचे, फेऱ्या मारायच्या, घरी यायचं. आमचा आवडता ट्रॅक कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे. फॉर्म्युला मारुती गाड्या बांधणाऱ्या एस. करिवर्धन यांच्या नावाचा हा ट्रॅक 2.1 किलोमीटरचा आहे. पुण्याहून सुमारे 1200 किलोमीटर, म्हणून गाडी ट्रकवर चढवून पाठवावी लागते. ती स्वतः रस्त्यावर येऊच शकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या तपशिलांशी जुळणार नाहीत असे बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, आणि आमच्या गाडीत असे बदल बरेच आहेत. आज ती तुम्हाला दाखवायला आणली नाही, त्याचं कारण हेच.

भाऊ चालवतो, मीही चालवते. पण माझं मुख्य काम गाडीतून येणारे आकडे वाचण्याचं. या आकड्यांमधून एका दोषाचा छडा लावायला आम्हाला दोन वर्षं लागली. त्या दोषाचं नाव टर्बो लॅग.

नाव नवीन असेल, पण अनुभव तुमच्यापैकी बऱ्याच जणांना असणार. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची डिझेल गाडी, आत पाच माणसं, डिकीत सामान, खंबाटकीचा चढ आणि पुढे रेंगाळणारा ट्रक. तुम्ही बाजूला घेऊन ॲक्सिलरेटर दाबता. काहीच होत नाही. आणखी दाबता, तरी नाही. समोरून बस दिसायला लागते, आणि मग कोणीतरी मागून ढकलल्यासारखी गाडी एकदम सुटते. त्या काळात आपल्या रांजणगावात बनणारं फियाटचं 1.3 लिटरचं मल्टिजेट इंजिन कितीतरी गाड्यांत होतं. मायलेजला उत्तम, पण मिनिटाला 2000 फेऱ्यांच्या खाली शांत, अशीच त्याची ख्याती होती.

हे का होतं ते समजायला टर्बो म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगते. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर आपण वाया घालवतो. टर्बोमध्ये तो धूर एका छोट्या पात्यांच्या चाकावर सोडतात, ते चाक फिरतं, त्याच्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेलं चाक बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबून भरतं. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येतं, म्हणजे जास्त ताकद. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांनी याचं पेटंट 1905 साली घेतलं. मोटारीच्या टर्बोतली ही चाकं मुठीत मावतील एवढी असतात, आणि पूर्ण जोरात मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरतात.

आता गंमत बघा. धूर जास्त असेल तर टर्बो जोरात फिरणार. टर्बो जोरात फिरला तर हवा जास्त जाणार. हवा जास्त गेली तर धूर जास्त होणार. म्हणजे सुरुवात कोणी करायची? कोणीतरी आधी थोडा वेळ घालवल्याशिवाय हे चक्र वेग घेत नाही. हा वेळ म्हणजे लॅग.

इथे लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. आपल्या सोसायटीच्या लिफ्टचं उदाहरण घेऊ. वीज गेली आहे, तुम्ही कितीही वेळ बटण दाबा, लिफ्ट येणार नाही. टर्बोचंही तसंच आहे. इंजिनाच्या फेऱ्या एका मर्यादेच्या खाली असतील तर धूरच इतका कमी असतो की टर्बो दाब देऊच शकत नाही, मग तुम्ही किती का थांबेना. हा टर्बोचा उंबरठा. दुसरी परिस्थिती अशी की वीज आहे, लिफ्ट चालू आहे, पण ती दहाव्या मजल्यावरून खाली यायची आहे. ती येणार, पण वेळ लागणार. हा खरा लॅग. खंबाटकीत आपल्याला बहुतेक वेळा पहिली गोष्ट नडते. तिच्यावरचा उपाय फुकट आहे: ओव्हरटेकला बाहेर पडण्याआधी गिअर एक खाली घ्या, फेऱ्या उंबरठ्याच्या वर आणा, मगच दाबा. ट्रॅकवर आपण उंबरठ्याच्या वरच असतो. तिथे नडतो तो लॅग.

आमच्या गाडीत तो जरा जास्तच होता. आधीच्या मालकाने हौसेने मूळ टर्बो काढून बराच मोठा टर्बो बसवला होता. सरळ रस्त्यावर गाडी विमानासारखी पळायची. भाऊ खूश होता.

मग कोइम्बतूरला एका दुपारी तो वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबून ताकदीची वाट बघत होता. ती आली नाही म्हणून त्याने आणखी दाबला. ती आली तेव्हा स्टिअरिंग अजून वळलेलं होतं. आमच्या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, आणि वळायचं कामही तीच चाकं करतात. टायरची पकड ठरावीक असते. सगळी पकड ढकलण्यात गेली तर वळायला काही उरत नाही. गाडी सरळ ट्रॅकबाहेर गवतात गेली आणि टायरच्या भिंतीच्या अलीकडे तीन-चार मीटरवर थांबली. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. म्हणजे तीन-चार मीटर म्हणजे किती कमी वेळ, ते तुम्हीच काढा.

कोणाला खरचटलंही नाही. पण पुण्यात परतल्यावर माझ्या भावजयीने मला बाजूला घेऊन सांगितलं, “ताई, हा पुन्हा गेला तर तुमच्या शब्दावर जाईल. गाडी ठीक आहे असं तुम्ही सांगितलंत तरच.” तिची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. भावजय कधीच कशाला नाही म्हणत नाही, म्हणून ते वाक्य मला जास्त जड गेलं. ‘ठीक आहे’ म्हणायचं तर ते कशाच्या आधारावर?

भावाचं म्हणणं होतं, रॅलीच्या गाड्यांसारखी ॲंटिलॅग यंत्रणा बसवू. त्यात ॲक्सिलरेटर सोडल्यावरही थोडं इंधन मुद्दाम एक्झॉस्टमध्ये पेटू देतात, म्हणजे टर्बो फिरता राहतो. फटाक्यांसारखे आवाज येतात ते त्याचेच. पण त्यात टर्बाइन आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजून निघतात. रॅलीच्या संघांना टर्बो बदलत राहणं परवडतं, आम्हाला नाही. शिवाय माझा प्रश्न वेगळाच होता: उशीर नेमका किती आहे, आणि तो कुठे-कुठे साठतोय?

ऑफिसात आम्ही हेच करतो. एखादं ॲप हळू चालतं म्हणून कोणी तक्रार केली तर आधी मोठा सर्व्हर विकत घेत नाही. बटण दाबल्यापासून उत्तर येईपर्यंतच्या प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला ते मोजतो. आम्ही गाडी डायनोवर, म्हणजे रोलरवर चढवली. तिसरा गिअर, इंजिनाच्या फेऱ्या 3000 ला धरून ठेवल्या, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, आणि ठरवलेल्या दाबाच्या 90 टक्के गाठायला किती वेळ लागतो ते नोंदवलं. असं पाच वेळा. गाडीच्या ओबीडी सॉकेटला फोन जोडून मिळणारे आकडे फार विरळ येतात, म्हणून वेगळा लॉगर लावला आणि त्याच्या फाइली वाचायला मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला.

सरासरी दोन सेकंदांच्या किंचित वर आली. पण मला त्याहून जास्त खटकली ती दुसरी गोष्ट. पाचही वेळा आकडा वेगळा होता. गाडी तापत गेली तसा उशीर वाढत गेला. उशीर कायम सारखा असेल तर माणूस तो अंगवळणी पाडतो, तेवढा वेळ आधी दाबतो. दर वेळी वेगळा असेल तर तो अंदाज बांधतो, आणि वळणात अंदाज चुकला की गवत. भावाची चूक काढण्यात अर्थ नव्हता, हे मला त्या आलेखावर दिसलं.

तापल्यावर वाढणारा दोष म्हणजे गळती, असं आमच्या गॅरेजवाल्या काकांचं मत पडलं. त्यांनी हवेच्या मार्गाची तोंडं बंद करून आत कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी फिरवलं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो, अगदी तसं. इंटरकूलरजवळच्या एका सिलिकॉन होजला क्लॅम्पच्या खाली चीर होती. गरम झाली की ती उघडायची. नाना पेठेतून नवी होज आणि चांगले क्लॅम्प आणले. काही शे रुपयांत पाव सेकंद वाचला आणि पाचही आकडे जवळजवळ सारखे झाले.

दुसरा टप्पा वेस्टगेटचा. टर्बोवर ताण वाढू नये म्हणून जास्तीचा धूर बाजूने सोडून देणारी ही एक झडप असते. आमची झडप वेळेच्या आधीच किलकिली होत होती, म्हणजे टर्बो वेग घेत असतानाच अर्धा धूर पळून जायचा. तिच्या दांड्याचा ताण काकांनी नीट लावला. झडप दाब जवळ येईपर्यंत पूर्ण बंद ठेवायची आणि मग हळूहळू उघडायची, हा भाग इंजिनाच्या संगणकात आम्ही बसवला. हे सांभाळून करावं लागतं, कारण उघडायला उशीर झाला तर दाब वर उसळतो आणि इंजिनात नॉकिंग सुरू होतं. इथेही साधारण पाव सेकंद मिळाला.

तिसरा टप्पा पाइपांचा. सगळे हौशी लोक म्हणतात, पाइप लांब आहेत म्हणून लॅग आहे. हिशेब करून बघू. आमचे पाइप आणि इंटरकूलर मिळून आत साधारण 12 लिटर जागा होती. तिथला दाब वातावरणाच्या 0.8 पटीने वाढवायचा तर सुमारे 10 लिटर जादा हवा भरायला हवी. 1.4 लिटरचं इंजिन 3000 फेऱ्यांना सेकंदाला सुमारे 35 लिटर हवा पितं. म्हणजे पाइप भरायला लागणारी हवा ही इंजिनाची पाव ते एकतृतीयांश सेकंदाची खुराक झाली. भोसरीच्या एमआयडीसीत नवे, आखूड पाइप करून घेतले, फायदा झाला, पण सेकंदाच्या दहाव्या भागाएवढाच. म्हणजे लोक म्हणतात तो मुख्य गुन्हेगार हा नव्हे.

मुख्य गुन्हेगार तेच फिरणारं चाक. आणि इथे बाई, मला तुमची आठवण झाली. जडत्वाची व्याख्या तुम्ही आमच्याकडून इतक्या वेळा म्हणून घेतली होती की ती अजून झोपेतही म्हणता येईल. फिरणाऱ्या वस्तूचं जडत्व तिच्या वस्तुमानावर आणि त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असतं. त्याच आकाराचं चाक मोठं केलं की वस्तुमान व्यासाच्या घनाने वाढतं. घन आणि वर्ग मिळून झाला पाचवा घात. म्हणजे टर्बाइनचा व्यास 15 टक्क्यांनी कमी केला तर जडत्व 44 टक्क्यांवर येतं. निम्म्याहूनही कमी! हा आकडा मी वहीवर तीनदा काढून बघितला, मग भावाला दाखवला.

त्याचा चेहरा पडला, कारण लहान टर्बो म्हणजे टोकाची ताकद कमी. मी त्याला फॉर्म्युला वनचा इतिहास सांगितला. 1977 साली रेनॉने तिथे पहिल्यांदा टर्बोची गाडी उतरवली. ती वारंवार धूर ओकत थांबायची, म्हणून तिला लोक पिवळी चहाची किटली म्हणत. लॅगही भयंकर होता. 1979 मध्ये त्यांनी एका मोठ्या टर्बोच्या जागी दोन लहान टर्बो बसवले, आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये दिजाँला जाँ-पिएर जाबुई यांनी टर्बो गाडीचा पहिला विजय मिळवला. चाकण कारखान्यामुळे आपल्याला ओळखीच्या असलेल्या फोक्सवॅगनने 2012 साली भारतातल्या पोलो आर कपच्या गाड्यांना 1.4 लिटरचं इंजिन दिलं. त्यात टर्बोच्या जोडीला इंजिनावरच पट्ट्याने फिरणारा सुपरचार्जर होता, तोही टर्बो जागा होईपर्यंतची पोकळी भरायला. 2014 पासून 2025 पर्यंत फॉर्म्युला वनच्या गाड्यांत टर्बोच्या दांड्यावर विजेची मोटरच बसवलेली असे. जगातल्या उत्तमोत्तम इंजिनिअरांनी ताकदीइतकेच कष्ट ती वेळेवर यावी म्हणून घेतले आहेत.

भाऊ आठवडाभर बोलला नाही. मग एका रविवारी स्वतःच म्हणाला, “ताई, लहानच बसवू.” आम्ही मूळ टर्बोपेक्षा एकच माप मोठा, बॉल बेअरिंगवर फिरणारा टर्बो घेतला. एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डला उष्णतारोधक पट्टी गुंडाळली, कारण टर्बाइनला फिरवणारी ऊर्जा त्या धगीतच असते. ती बॉनेटखाली सांडून काय उपयोग? पुन्हा डायनोवर गेलो. तोच गिअर, त्याच फेऱ्या, पाच वेळा. उशीर पाऊण सेकंदाच्या आसपास, आणि पाचही रेषा एकमेकींवर बसलेल्या. टोकाची ताकद कमी झाली होती, ती आम्ही कमी झाली असंच लिहून ठेवलं.

आणखी एक बारीक गोष्ट पुणेकरांसाठी. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर राहतो. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी कमी. तेवढाच अंतिम दाब गाठायला टर्बोला इथे जरा जास्त फिरावं लागतं. म्हणून पुण्यातले आकडे पुण्यातल्याच आकड्यांशी ताडायचे. मुंबईच्या मित्राची गाडी लवकर जागी होते म्हणून मनाला लावून घ्यायचं नाही.

मग मी तो आलेख कागदावर छापून भावजयीला दाखवला. आधीच्या पाच रेषा विस्कटलेल्या, नंतरच्या पाच एकावर एक. तिला टर्बोतलं काही कळत नाही आणि तिने कळून घेण्याचा आवही आणला नाही. तिने एकच विचारलं, “म्हणजे आता दाबल्यावर ती कधी येणार हे त्याला माहीत असेल?” मी हो म्हटलं. या संपूर्ण विषयावर दोन वर्षांत मी ऐकलेला सगळ्यात नेमका प्रश्न तो होता.

पुढच्या हिवाळ्यात कोइम्बतूरला सरळ रस्त्यावर आमची गाडी पूर्वीपेक्षा हळू होती. पूर्ण फेरीला मात्र दोन सेकंद कमी लागले, कारण भाऊ प्रत्येक वळणातून लवकर आणि न बिचकता बाहेर पडत होता. त्या दिवशी भावजय आणि भाची पिटच्या कठड्यामागे उभ्या होत्या. भाचीने कानांवर हात ठेवले होते.

शेवटी एक विनंती आणि एक भेट. विनंती अशी, की हे ऐकून आपल्या रोजच्या गाडीत कोणी काही बदलू नका. टर्बो गाडी उशिरा जागी व्हायला लागली आहे असं वाटलं तर मेकॅनिकला आधी होज आणि क्लॅम्प बघायला सांगा, नवे सुटे भाग घ्यायचा विचार नंतर.

भेट म्हणजे तो जुना, मोठा टर्बो. विकला असता तर बरे पैसे आले असते, पण भावानेच सुचवलं की तो शाळेला देऊ. काकांनी त्याचं आवरण कापून आतली दोन्ही चाकं दिसतील असा केला आहे, आणि शेजारी लहान टर्बोचं एक निकामी चाकही बसवलं आहे. मुख्याध्यापिका बाईंनी तो प्रयोगशाळेत ठेवायला होकार दिला आहे. आठवी-नववीच्या मुलामुलींनी दोन्ही चाकं बोटाने फिरवून बघावीत. कुठलं आधी हलतं आणि का, हे फळ्यावर न लिहिताही कळेल. ते आज स्टेजच्या डाव्या बाजूच्या टेबलावर आहे. जेवण झालं की तुम्हीही फिरवून बघा. फक्त वड्याचे तेलकट हात आधी पुसा.